सॅम्पल फ्लॅटमधली बैठक

आमच्या कंपनीचा शेअर घसरायला लागला तसे ऑफिसातले सगळे हळू आवाजात बोलायला लागले, घरात कुणी आजारी असलं की बोलतात तसे. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग विचारायचा, "मेहजबीन मॅडम, आज कसं आहे?" मी फायनान्सची प्रमुख, शिवाय संचालक मंडळावर, त्यामुळे नाडी माझ्याच हातात असणार अशी सगळ्यांची समजूत. मी सांगायचे, "शेअर पडलाय, इमारत नाही पडली." यावर कुणी हसायचं नाही. बांधकामाच्या कंपनीत असले विनोद करू नयेत, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

कंपनीचं नाव ओसरी डेव्हलपर्स. धायरी अजून गाव होतं तेव्हा गवंडीकामाचे ठेके घेणाऱ्या एका नवरा-बायकोने ती सुरू केली. यजमान गेले, गोदाबाई अजून अध्यक्ष आहेत. सगळी कंपनी त्यांना आई म्हणते आणि सगळी कंपनी त्यांना घाबरते. त्यांचा मुलगा आमोद व्यवस्थापकीय संचालक. तो बाहेर शिकून आला, खराडीत काचेच्या इमारतीत ऑफिस घेतलं आणि कंपनी शेअर बाजारात नेली. तेव्हा पेढे वाटले होते. बाजारात गेल्यावर रोज सकाळी आपली किंमत ठरते आणि ती आपण ठरवत नाही, हे पेढे खाताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

ओसरीत एक जुनी रीत होती. संचालक मंडळाची बैठक चालू प्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये व्हायची. जे विकता त्यात आधी बसून दाखवा, असा गोदाबाईंच्या यजमानांचा नियम. सॅम्पल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून सजवलेलं घर. टीव्हीच्या जागी टीव्हीचा पुठ्ठा, कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी. पण ओसरीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये नळाला पाणी असायचंच. त्याबाबतीत आई कुणाचं ऐकायच्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, साइटवर जाणं थांबलं, आणि आमोदने बैठका हळूच खराडीच्या काचेच्या खोलीत नेल्या.

त्या उन्हाळ्यात पुण्यातली घरविक्री मंदावली आणि आमच्या शेअरने मान टाकली. नेमकं तेव्हाच शहरातल्या दुसऱ्या एका बिल्डर कंपनीने बायबॅक जाहीर केला आणि तिचा शेअर टुणकन वर गेला. झालं. आमोदला तेच हवं होतं.

बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःच्या पैशाने स्वतःचेच शेअर लोकांकडून परत विकत घ्यायचे. मालकालाच एवढा विश्वास आहे म्हणजे माल चांगला असणार, असं बाजाराला वाटतं आणि भाव चढतो. ज्यांच्याकडे पैसा खरोखर पडून आहे त्यांनी तो खुशाल करावा, माझी काही तक्रार नाही. आमच्याही ताळेबंदात रोख भरपूर दिसत होती. पण त्यातली बरीचशी घर घेणाऱ्यांची होती. कायद्याने ती वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ज्या इमारतीसाठी आली त्याच इमारतीवर खर्चायची. उरलेली आमची, आणि ती मी धायरीच्या प्रकल्पाच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवली होती. पाणी, ड्रेनेज, लिफ्ट. या टप्प्यावर गिऱ्हाइकाकडून फारसं काही येत नाही. तो म्हणतो, आधी किल्ली द्या, मग उरलेलं घ्या, आणि बरोबरच म्हणतो.

त्यात मार्चअखेरीला रोख आणखी गुबगुबीत दिसावी म्हणून आमोदने पाण्याचं आणि ड्रेनेजचं कामच पुढे ढकललं होतं. म्हणजे जेवायचंच नाही आणि मग सांगायचं, बघा, किराणा किती शिल्लक आहे.

बायबॅकला लागणारा पैसा नेमका तोच होता. आणि बायबॅक एकदा जाहीर केला की मागे घेता येत नाही.

"बँक देईल की कर्ज, मॅडम," आमोद म्हणायचा. "आपलं रेकॉर्ड क्लीन आहे."

"आज देईल. बँकेचा मूड शेअर बाजारापेक्षा लवकर फिरतो."

"तुम्ही फार कॉन्झर्व्हेटिव्ह आहात."

"मला पगार त्याचाच मिळतो, आमोदसर."

असं आमचं रोज चालायचं. रोज तो थोडा जास्त चिडायचा आणि रोज माझे मुद्दे थोडे शिळे व्हायचे.

मला खरं लागलं होतं ते वेगळंच. माझे अब्बा, नासिरभाई, मार्केट यार्डात मिरचीचे व्यापारी. गाळा आता धाकटा भाऊ फैझल बघतो, पण अब्बांची सकाळची फेरी चुकत नाही. आयुष्य बाजारात गेल्यामुळे त्यांना घरात राग आला तरी तो मराठीतच येतो. ओसरीने धायरीचा प्रकल्प काढला तेव्हा अब्बांनी गाळ्यागाळ्यांतून फिरून एवढंच सांगितलं होतं, "घ्या घर. माझी मुलगी आहे तिथे." ब्रोशर नाही, सवलत नाही. तेवढ्यावर मसाल्याच्या दलालाने घेतलं, तोलाईवाल्याने घेतलं, अब्बांचे जुने दोस्त टेम्पोवाले सोनबा यांनी घेतलं. सोनबा भाडंही भरत होते आणि हप्ताही. इमारत रखडली असती तर मला दुसरी नोकरी मिळाली असती. अब्बांना दुसरं मार्केट यार्ड मिळालं नसतं.

बायबॅकवर विचार करायला बैठक ठेवली की ते शेअर बाजाराला आधी कळवावं लागतं. आम्ही कळवलं, पेपरात छोटी बातमी आली, शेअर जरासा उसळला. त्याच आठवड्यात अब्बांचा गुडघा दुखायला लागला आणि यार्डातली फेरी बंद झाली. मी मलम आणून दिलं. ते दिवसभर खिडकीत बसून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि लक्ष द्यायला वेळही नव्हता.

बैठक कुठे घ्यायची यावर आई अडून बसल्या. निर्णय मोठा आहे, तर रीत पाळायची. धायरीच्या साइटवर एकच धावपळ उडाली. साइट इंजिनिअर समाधानने सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या, आणि एवढी मोठी माणसं येणार म्हणून बाथरूमच्या दारावरची 'वापरू नये' ही पाटीही काढून टाकली. बरं दिसत नाही म्हणून. पुण्यात पाटी लावणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, पण काढणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

सोफ्यावर मधोमध आई बसल्या, शेजारी आमोद. समोर मी आणि स्वतंत्र संचालक बाबुराव, मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शब्द मोजून वापरणारे. बायबॅकचे सल्लागार पृथ्वीराज मुंबईहून आले होते. त्यांच्या बुटांवर धायरीची धूळ कशी बसली नाही हे मला अजून कळलेलं नाही.

"सगळा खेळ सेंटिमेंटचा आहे," पृथ्वीराज म्हणाले. "बायबॅक अनाउन्स करा, सेंटिमेंट वर. सेंटिमेंट वर, की भाव वर."

"जाहीर केल्यावर मागे घेता येतो?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही सर. पण तशी वेळच येणार नाही."

"हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलंय," बाबुराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मग माझी पाळी आली. रोख कुणाची आहे, कधी लागणार आहे आणि मार्चमध्ये कोणतं काम का ढकललं, सगळं मी स्लाइडवर दाखवलं. आमोद मोबाइल बघत होता. आई स्लाइडकडे बघत होत्या, पण त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं.

"ते समदं खरं असंल," त्या म्हणाल्या. "पर माझ्या मालकानं उभी केल्याली कंपनी हाय ही. कुनीबी उठावं आन् निम्म्या भावात घ्यावी? भावकी तोंडावर हसतीया. नंदंचा जावई म्हनला, मामी, तुमच्या शेअरपरीस कांदा बरा! आमोद म्हन्तोय तर करून टाका."

आई हो म्हणाल्या की विषय संपला, हात वर करणं हा नुसता उपचार. सकाळी गाडीत बसतानाच मी ठरवलं होतं, ठराव झाला तर राजीनामा द्यायचा. पण राजीनाम्याने पाइप बसत नाहीत. सोनबांना काय सांगायचं, की घर नाही मिळालं, पण मुलगी तत्त्वाची आहे?

"ठरावाआधी चहा घेऊ," आमोद म्हणाला. त्याचा आवाज मला जरा खोल गेल्यासारखा वाटला.

चहा आला. पृथ्वीराजांनी इकडेतिकडे बघितलं, बाथरूमचं दार बघितलं, त्यावर काहीच लिहिलेलं नाही हे बघितलं आणि ते आत गेले. मला तेव्हा पाटीचं काही माहीत नव्हतं. समाधान खाली होता.

बराच वेळ गेला. मग आतून नळ फिरवल्याचा आवाज आला. मग दुसरा नळ. मग फ्लशच्या बटणाची कोरडी खटखट. थोडं थांबून पुन्हा खटखट. पृथ्वीराज बाहेर आले तेव्हा हात अंगापासून लांब धरून आले आणि त्यांचं सेंटिमेंट पार तळाला गेलं होतं.

"ते... पाणी नाहीये," ते म्हणाले.

दार त्यांनी लावून घेतलं होतं, पण सॅम्पल फ्लॅटची दारंसुद्धा सॅम्पलचीच असतात. हळूहळू खोलीतल्या प्रत्येकाला विषय समजला. पाण्याचं आणि ड्रेनेजचं काम झालेलं नाही हे मी अर्ध्या तासापूर्वी मोठ्या अक्षरांत दाखवलं होतं. पण स्लाइडला वास येत नाही.

आईंनी कप खाली ठेवला. पदर नाकाला लावून त्या बाथरूमपर्यंत गेल्या, परत फिरल्या, स्वयंपाकघरात जाऊन तिथला नळ सोडला. तोही नुसता फुसफुसला. मग त्या बाल्कनीत गेल्या आणि वाकून खाली बघत राहिल्या.

"आमोद, हितं पानी का न्हाई?"

"आई, टेम्पररी लाइन काढून टाकली आपण. ड्रेनेज झालं की..."

"कुटं हाय ड्रेनेज? चर कुटं खनलाय? खाली तर नुस्तं गवात दिसतंय."

"ते पुढच्या क्वार्टरला आहे."

"का?"

आमोदकडे उत्तर होतं, पण आईला द्यायची हिंमत नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं. पाच आठवडे मी जे बोलत होते ते आता मला एका दमात बोलायचं होतं.

"आई, ते काम मार्चमध्ये व्हायचं होतं," मी म्हणाले. "हिशेबात रोख जास्त दिसावी म्हणून थांबवलं. ती रोख म्हणजे हे पाणीच आहे. बायबॅक केला की ती शेअरवाल्यांना जाईल. मग पाण्यासाठी कर्ज काढायचं. बँकेने दिलं तर ठीक. नाही दिलं तर ही सगळी घरं अशीच उभी राहतील, सजवलेली आणि कोरडी."

आई बाल्कनीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, भीती दिसली. मी त्यांना घाबरलेलं तोवर कधी बघितलं नव्हतं.

"हे माझं सासरचं गाव हाय," त्या म्हणाल्या. "हितल्या बाया मला नावानं वळखत्यात. उद्या येखादी घरात यील, नळ सोडंल, आन् असा फुसफुसला की माझ्या मालकाचं नाव घीऊन थुकंल. ती शेअरचा भाव इचारनार न्हाई." मग त्या आमोदकडे वळल्या. "भावकी हसंना का. कांदा तर कांदा. आदी पानी आन."

"प्रस्ताव मांडूच नये, असं मी सुचवतो," बाबुराव म्हणाले. त्यांनी चष्मा घातला आणि पृथ्वीराजांकडे बघितलं. "आणि बैठक लवकर आटोपावी. यांना हात धुवायचे आहेत."

टेबलावरच्या सगळ्या बाटल्या त्या कामी आल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी चहा मागितला आणि गार झालेला चहा अमृतासारखा प्यायले.

खाली आल्यावर समाधानने पाटीची कबुली दिली. गाड्यांपाशी आमोद एकटाच उभा होता. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्याने माझ्याकडे बघून मोठा श्वास सोडला आणि एकदम हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"थँक यू, मॅडम."

"माझे कशाला आभार? पाटी समाधानने काढली."

"सीरियसली सांगतो. महिनाभर नीट झोप नाही मला. मेहुण्याला बोलून बसलो, क्लबात बोलून बसलो, त्या इन्व्हेस्टर लोकांच्या ग्रुपवर बोलून बसलो. नंतर आकडे नीट बघितले तर कॅश पुरतच नव्हती. पण आता मागे कसं फिरायचं? कुणीतरी अडवावं म्हणून तर रोज तुमच्याशी भांडत होतो. आणि तुम्ही हरायला लागलात!"

मला त्याचा असा राग आला की तिथलीच एखादी वीट उचलावी. मग त्याचा चेहरा बघितला. परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा दिसत होता. मलाही हसू आलं.

"पुढच्या वेळी अडवायचं असेल तर सरळ सांगा," मी म्हणाले. "माझा रक्तदाब वाचेल."

दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि शेअर आणखी पडला. टीव्हीवरच्या एका मुलाने आम्हाला भित्री कंपनी म्हटलं. एका फंडवाल्याने मला फोनवर इंग्रजीत झापलं. मी सगळं 'हो, हो' म्हणत ऐकून घेतलं, कारण चर खणायचं यंत्र साइटवर पोचल्याचा फोटो समाधानने सकाळीच पाठवला होता. त्याच सकाळी अब्बांनी टोपी घातली आणि ते यार्डात निघाले. मी म्हटलं, चला, मलम गुणाचं निघालं.

पुढे दोनेक महिन्यांत बँकांनी बिल्डरांना कर्ज देताना हात आखडता घ्यायला सुरुवात केली. आमचाही एक अर्ज लटकला, पण आमचं त्यावाचून अडत नव्हतं. बायबॅक करून मोकळी झालेली ती दुसरी कंपनी कर्जासाठी दारोदार फिरत होती आणि तिची दोन कामं थांबली होती. तिच्या गिऱ्हाइकांचं मला फार वाईट वाटलं आणि आपण वाचलो याचं फार बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला इलाज नाही. आमचा शेअर पडला तेवढा अजून चढलेला नाही. आईंची भावकी अजून कांद्याचे दाखले देते. आई आता म्हणतात, "व्हय, आन् कांद्याला पानी लागतं."

दिवाळी झाली आणि धायरीच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. सोनबांनी अब्बांना आणि मला बोलावलं होतं. घरात अजून सामान नव्हतं, एक सतरंजी आणि पेढ्यांचा पुडा. सोनबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. तो आधी खोकला, थोडं गढूळ पाणी टाकलं, मग स्वच्छ धार लागली. सोनबा धारेखाली हात धरून उभे राहिले. अब्बा म्हणाले, "चव घेऊन बघ की." सोनबांनी खरंच ओंजळ तोंडाला लावली. दोघेही म्हातारे उगाचच हसत होते.

निघताना मी लिफ्टचं बटण दाबलं, तर अब्बा सरळ जिन्याकडे वळले.

"अब्बा, लिफ्ट आहे. गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय?"

"उन्हाळ्यात दुखत होता ना."

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. "पेपर मीही वाचतो, बेटा. ते बायबॅकचं आलं होतं. गाळ्यावरच्या एका पोराला विचारून घेतलं, काय भानगड आहे. यार्डात गेलो असतो तर सोनबाने विचारलं असतं. मला खोटं बोलता येत नाही."

"मग मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, अब्बा, माझ्या हातात नाही, तर?" त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "तेवढं ऐकायची ताकद नव्हती. त्यापेक्षा गुडघा बरा."

इतके दिवस ते खिडकीत बसून माझी वाट बघत होते आणि मी मलम आणून दिलं होतं. मी जिन्यातच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. वर सोनबांच्या घरातून अजून धारेचा आवाज येत होता. अब्बांनी मान वर केली आणि जिन्यातून यार्डातल्या आवाजात ओरडले, "अरे सोनबा, नळ बंद कर! ते पाणी फुकट नाही आलेलं."